वाकून चाल, पण चाल

बाळा, बाबांचे पाय चालता चालता भरून येतात म्हणालीस आणि वर 'वय झालं आता' असा निकालही देऊन मोकळी झालीस. वयाचंच आहे, पण त्याला नाव आहे आणि उपायही. कमरेतल्या मणक्यांची गादी झिजते, सांधे जाड होतात, आतला अस्तराचा पट्टाही फुगतो आणि नसांची वाट अरुंद होते, बहुतेकदा चौथ्या-पाचव्या मणक्याशी. डॉक्टर याला लंबर कॅनॉल स्टेनोसिस म्हणतात. वही घे, तुझ्या लक्षात राहण्यावर माझा फार भरवसा नाही.

१. आधी बघ, तुझे बाबा, म्हणजे माझा दादा, थांबल्यावर काय करतो. कट्ट्यावर टेकल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच पाय मोकळे होत असतील, तर मूळ कमरेत धर — ताठ उभं राहिलं की ती वाट आवळते, वाकलं की थोडी रुंदावते.

२. नुसतं उभं राहूनच पोटऱ्या शांत होत असतील, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घे. तळपाय बसल्याजागीही बधिर असतील तर साखर बघ — या वयात दोन-तीन दुखणी एका घरात नांदतात, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

३. मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरतो आणि देवळापर्यंत यायला मात्र नाही म्हणतो, म्हणून तू त्याला चिडवतेस ना? चिडवू नकोस, तो सोंग करत नाही — ट्रॉलीवर रेललेली कंबर वाकलेली असते, म्हणून नसांना जागा मिळते. सायकल जमते, चढ जमतो आणि उतारावर पाय रडतात, तेही याचमुळे. एमआरआय यायच्या कितीतरी आधी, १९५४ साली, फर्बीस्ट नावाच्या डच सर्जनने उभं राहिल्यावर आणि चालताना होणारा हा त्रास नेमका लिहून ठेवला होता. तेव्हा डॉक्टरांना ट्रॉलीची गोष्ट आधी सांग, फाइल मग दाखव.

४. एमआरआयचा रिपोर्ट वाचून घरभर रडारड नको — साठीनंतर कितीतरी जणांच्या फोटोत वाट अरुंद दिसते आणि ते खुशाल हिंडत असतात. फोटोला औषध नसतं, पायाला असतं.

५. चालणं बंद करू देऊ नकोस, तुकडे पाड. पाय भरायच्या आधीच बसायचं, मग पुढचा तुकडा — दुखेपर्यंत ओढलं की दुसऱ्या दिवशी माणूस दारच ओलांडत नाही. आज कितव्या विजेच्या खांबापर्यंत गेला ते वहीत लिही; 'जरा बरं वाटतंय' यातून डॉक्टरांना काही कळत नाही, खांबावरून कळतं.

६. काठी किंवा चाकांचा वॉकर घेताना उंची अशी ठेव की तो किंचित पुढे झुकेल. 'ताठ चाल' म्हणून मागे लागू नकोस — वाकून चाल, पण चाल.

७. पाठीवर निजून गुडघे छातीशी घ्यायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. योगवर्गात सगळे भुजंगासन करतात म्हणून त्यानेही करायला नको — मागे वाकलं की तीच वाट आवळते.

८. कमरेचा पट्टा प्रवासापुरता. पट्टा कमरेला, स्नायू सुट्टीला.

९. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद — मूत्रपिंड, पोट आणि बीपी तिघांशीही त्यांचं वाकडं. नसांच्या गोळ्यांनी तोल जातो, म्हणून रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेव.

१०. मणक्यातलं इंजेक्शन दिलं तर फार तर काही आठवडे आराम पडेल, वाट रुंद होणार नाही. मधुमेह असेल तर आधी सांगा — त्यातल्या स्टिरॉइडने काही दिवस साखर चढते. आणि तेल हवं तेवढं चोळ, पण मणका कडकन वाजवणाऱ्याच्या हाती देऊ नकोस.

११. ऑपरेशनचं नाव निघालं की अर्धे नातेवाईक 'मुळीच नको' म्हणतील, अर्धे 'उद्याच करा'. दोघांनाही चहा दे. अमेरिकेत २००८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात फिजिओथेरपीच्या गटातले दोन वर्षांनी त्यांच्या बरोबरीला होते. म्हणजे घाई नाही, भीतीही नको. महिनोन्‌महिने उपचार करूनही खांब मागेच येत राहिले, त्याला हवं तिथे जाता येईना, की माझं मत ऑपरेशनच्या बाजूने. फक्त सर्जनला विचार, नुसती वाट मोकळी करणार की स्क्रूही घालणार, आणि कशासाठी — मणका हलत असेल तर स्क्रूला कारण असतं, पण २०१६ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात मणके जोडलेल्यांना दोन वर्षांनी त्याचा जादा फायदा दिसला नाही.

१२. चप्पल पायातून नकळत निसटायला लागली तर पुढच्या तपासणीची वाट बघत बसू नकोस — पाऊल उचलणारी नस दबत असते.

१३. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात ने — तिथे उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही. दादा लाजेल, 'सकाळी बघू' म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही, रिक्षा बोलवायची आणि वाटेत मला फोन करायचा.