ब्रेकची नोंद आणि कारणाची कैफियत

जो मनुष्य मोटार क्वचित आणि जपून चालवतो, त्याने बेफाम चालवणाऱ्यांच्या अपघातांचा भार आपल्या हप्त्यातून का सोसावा, हा प्रश्न जुना आणि रास्त आहे. म्हणूनच गाडी किती चालली व कशी चालवली यांवर हप्ता ठरवण्याची मुभा विमा नियामक प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये कंपन्यांना दिली, तेव्हा मी तिचे मनापासून स्वागत केले. त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि बहुसंख्य अपघातांचे कारण अतिवेग असल्याचे सरकारी अहवालातच नमूद आहे. संयमाला पैशाच्या रूपाने उत्तेजन मिळणे ही लोकहिताचीच गोष्ट होय.

पुढे पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी मी अशा हप्त्याची पुरवणी घेतली आणि तिच्या अटीनुसार फोनमध्ये कंपनीचे ॲप बसवले. उपग्रहावरून कळणारे स्थान आणि फोनमधील सेन्सरने टिपलेले हिसके यांवरून हे ॲप वेग, अचानक दाबलेला ब्रेक, तीव्र वळण, रात्रीचा प्रवास आणि चालवताना फोन हाताळणे यांचा हिशेब ठेवून गुण देते. काही महिन्यांनी माझे गुण घसरू लागले, म्हणून प्रवासांची यादी उघडून शहानिशा केली, तेव्हा ज्या वेळी मी शहर बसमध्ये बसलो होतो किंवा पुतण्याच्या गाडीत मागच्या आसनावर होतो, ते प्रवासही मीच चालक असल्याप्रमाणे माझ्या नावे रुजू झालेले आढळले. कारण फोन वाहनाच्या गतीने सरकतो एवढेच यंत्रास कळते, सुकाणू कोणाच्या हाती आहे हे कळत नाही. लेखी अर्ज केल्यावर ते प्रवास वगळण्यात आले. परंतु पुण्यात सिंहगड रस्त्यावर उलट दिशेने अंगावर आलेल्या दुचाकीस्वाराला वाचवण्यासाठी मी जो ब्रेक दाबला, त्याचे कमी झालेले गुण परत मिळाले नाहीत. कारणाची दखल घेण्याची तरतूद योजनेत नाही, असा खुलासा आला. माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. ज्या शहरात पादचारी कोठूनही रस्ता ओलांडतात, तेथे वेळेवर दाबलेला ब्रेक हे दक्षतेचे लक्षण असते, आणि गुण जाण्याच्या धास्तीने कोणाचा पाय क्षणभर जरी अडखळला, तरी त्या सवलतीची किंमत एखाद्या निरपराध जिवाला मोजावी लागेल.

दुसरा धोका दफ्तराचा. अमेरिकेत जनरल मोटर्स या कंपनीने आपल्या गाड्यांतून गोळा केलेली अशीच माहिती, ग्राहकांची यथार्थ संमती न घेता, विमा कंपन्यांना अहवाल पुरवणाऱ्या संस्थांना विकली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये ठेवला आणि अशा संस्थांना ती माहिती देण्यास पाच वर्षे मनाई करण्याचा आदेश प्रस्तावित केला. तेव्हा आपली नोंद कोणाकडे राहील, किती मुदतीपर्यंत राहील आणि कोणास दिली जाईल, हे संमती देण्यापूर्वी लेखी विचारावे.

सवलत टक्क्यांत न ऐकता रुपयांत मागावी, कारण ती केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवते, तो गाडी कमी चालवल्याने उतरत नाही. किलोमीटरांची योजना असेल तर मर्यादा संपल्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते की जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात, हे पॉलिसीच्या मजकुरात पाहावे, आणि लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी मीटरचा आकडा तपासावा. गुण कमी झाल्यास केवळ सवलत जाते, की हप्ता वाढतो, की दाव्याच्या वेळीही ते पुढे आणले जातात, याचेही उत्तर कागदावर असू द्यावे. दावा न केल्याबद्दलची 20 ते 50 टक्क्यांची जुनी सूट कोणत्याही पाळतीवाचून मिळतच असते. ज्यांचे वर्षाचे फिरणे मध्यम आहे त्यांना माझ्या मते तीच पुरेशी आहे.

एवढे करूनही नोंद चुकलीच, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, आणि महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जावे. त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे, हप्त्याविषयीचे वाद त्यांच्या अधिकारात येतात, आणि तेथे तक्रार नोंदवण्यास शुल्क पडत नाही.