बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?

छातीत धडधडते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला डॉक्टर कधी मेटोप्रोलॉल, कधी प्रोप्रॅनोलॉल लिहून देतात. घरी कोणीतरी पाकीट पाहून म्हणते, "अहो, ही तर बीपीची गोळी!" बीपी तर मोजले तेव्हा बरोबर होते. मग गोळी तशीच पडून राहते आणि धडधडही.

गोळी चुकीची नसते, तिचे नाव अपुरे असते. धावपळ, भीती, ताप अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन सुटते. ते हृदयावरील 'बीटा' नावाच्या जागांना चिकटते आणि ठोके वाढतात. या गोळ्या त्याच जागा अडवून ठेवतात, म्हणून त्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. हृदय सावकाश आणि कमी जोराने चालते. त्यामुळे बीपीही उतरते. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधले ते हृदयावरचा ताण कमी करून छातीतले दुखणे थांबवावे म्हणून. बीपीसाठी वापर नंतर सुरू झाला. त्यांना १९८८ साली नोबेल मिळाले.

डिल्टियाझेम आणि वेरापामिल या गोळ्या वेगळ्या वाटेने जातात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा संदेश त्या मंद करतात. पण अ‍ॅम्लोडिपिन मात्र ठोके कमी करत नाही. उलट काहींना तिनेच धडधड जाणवते. म्हणून शेजारच्या काकूंची बीपीची गोळी आपल्या धडधडीवर घेणे हा शुद्ध धोका आहे.

दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, बीटा ब्लॉकरने श्वासनलिका आवळू शकते. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट: साखर उतरली की छाती धडधडते, ती खूण या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा. आणि गोळ्या संपल्या, पगार व्हायचा आहे, म्हणून मधेच बंद करू नका. एकदम थांबवल्यास ठोके व बीपी उसळतात, हृदयरोग्याला झटकाही येऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात विचारा किंवा स्वस्त जेनेरिक गोळी लिहून मागा. यात लाज कसली?

धडधडीचे मूळ शोधणेही तितकेच गरजेचे. अंगात रक्त कमी असणे, थायरॉइड वाढणे यांतही नाडी पळते. आपल्या बायाबापड्यांत तर रक्त कमी असणे नेहमीचेच. तिथे नुसती गोळी पुरत नाही. रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या.

नाडी घरीच मोजता येते. पाच मिनिटे शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मोठ्या माणसात ६० ते १०० ठीक. ठोके वेडेवाकडे पडत असतील, किंवा गोळी सुरू असताना ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. धडधडीबरोबर छातीत दुखले, दम लागला किंवा शुद्ध हरपली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.