दृश्य बदलले हे यंत्राला कसे कळते?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अशा तांत्रिक विषयावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. त्याला कारण माझी आई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे मला सर्व काही ठाऊक असणार, अशी घरच्यांची समजूत आहे. एके रात्री मोबाइलवर कीर्तन पाहता पाहता आईने विचारले, "तासाभराचं कीर्तन एवढ्याशा फोनात मावतं कसं रं?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून वाचू लागलो.

प्रथम हिशेब पाहू. चलच्चित्र म्हणजे सेकंदाला २५ स्थिर चित्रे. एका चित्रात आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. असे चित्र जसेच्या तसे पाठवले, तर दिवसाचा दीड जीबीचा पॅक दहा सेकंदांत संपेल!

यावर तोड अशी, की एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांत फक्त फरक लिहायचा. बुवांचा हात हलला, तेवढाच लिहायचा. मागचा मंडप 'वरीलप्रमाणे'. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ ही पद्धतही याच तत्त्वावर चालते.

'वरीलप्रमाणे' हा शब्द आमच्या घरी चांगला ओळखीचा आहे. एकदा कांदा काढणीच्या वेळी मुकादमाने नावे लिहिण्याचा कंटाळा केला आणि हजेरीवहीत 'वरीलप्रमाणे' लिहून टाकले. मध्यंतरी टोळी बदलली होती. आईचे नाव वरच्या यादीत नव्हते. तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली.

चित्राचेही तसेच होते. कीर्तनाचे दृश्य संपून एकदम नदीचा घाट आला, तर मागच्या चित्राचा उपयोग उरत नाही. तरीही फरकच लिहीत बसले, तर जागा फुकट जाते किंवा चित्र चौकोनी ठिगळांनी भरते. तेथे नवे पूर्ण चित्रच लिहिले पाहिजे. पण दृश्य बदलले, हे ओळखायचे कसे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांतील ठिपक्यांचा फरक मोजणे. पण कॅमेरा नुसता बाजूला फिरला, तरी सगळे ठिपके सरकतात व दृश्य बदलल्याचा भास होतो. दुसरा मार्ग रंगांच्या मोजदादीचा : कोणता रंग किती, एवढेच पाहायचे. सरकण्याने तो सहसा फसत नाही. परंतु सारख्याच रंगांची दोन वेगळी दृश्ये त्याला एकच वाटतात.

एक्स२६४ या प्रसिद्ध प्रणालीचा मार्ग व्यवहारी आहे. चित्राचा तुकडा कोठून कोठे सरकला, हे ती आधी शोधते. मग फरक लिहिण्याचा खर्च आणि चित्र नव्याने लिहिण्याचा खर्च यांची तुलना करते. दोन्ही खर्च जवळजवळ सारखे आले, तर दृश्य बदलले असे मानते.

तरीही दोन ठिकाणी पंचाईत होते. लग्नात फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, की क्षणभर सारे पांढरे होते. अशा वेळी पुढची काही चित्रे पाहावी लागतात. जुने दृश्य परत आले, तर तो बदल नव्हे. याउलट एक दृश्य हळूहळू विरत दुसरे उमटते, तेव्हा लागोपाठच्या चित्रांत फरक थोडाच दिसतो. तेथे दूरच्या दोन चित्रांची तुलना करावी लागते.

हे सारे मी आईला हजेरीवहीच्या भाषेत समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी यंत्र आधी बघतंय, मगच लिवतंय. मुकादमानं बी तेवढंच करायला पायजे हुतं."