लेखाचं मानधन आणि वहीतले रकाने

जुलै लागला की दिवाळी अंकांचे निरोप यायला लागतात. विषय ठरतो, शब्दसंख्या ठरते, 15 ऑगस्टपर्यंत मजकूर हवा असंही ठरतं. मानधनाचा शब्द मात्र दोन्ही बाजूंनी कुणी काढत नाही. संपादकाला संकोच वाटतो आणि लेखकाला त्याहून जास्त. मग अंक निघतो, दिवाळी सरते, डिसेंबरात लेखक विचार करत बसतो की आता विचारावं की नको.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाला उघडणारा पहिला दरवाजा बहुधा दिवाळी अंकाचाच असतो. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नोकरी, शाळा, घर सांभाळून लिहिणाऱ्याला जोडउत्पन्न हवं असेल, तर मानधनाची चौकशी लेख लिहायच्या आधी व्हायला हवी. काही अंक चांगले पैसे देतात, काही जेमतेम देतात, काही फक्त अंकाची प्रत पाठवतात. तिन्ही ठिकाणी लिहायला हरकत नाही, पण आपण कुठे लिहितोय ते आधी माहीत हवं. दोन ओळींचा निरोप पुरतो: 'लेख दिलेल्या तारखेला पाठवतो. मानधन किती आणि अंक निघाल्यावर किती दिवसांत मिळेल, ते कळवावे.' यात उद्धटपणा काहीच नाही. ज्याला पैसे द्यायचे असतात तो संपादक लगेच उत्तर देतो, हा माझा अनुभव.

एक साधी वही घाला. त्यात चार रकाने: काम, लागलेले तास, पदरचा खर्च, हातात आलेली रक्कम. समजा, जवळच्या गावातल्या विणकरांवर 1200 शब्दांचा लेख लिहिला. दोन फेऱ्या, एसटीचे 180 रुपये, मुलाखती, लेखन, फेरलेखन असे मिळून 14 तास गेले. मानधन आलं 1500. भाडं वजा जाता 1320 उरले, म्हणजे तासाला 94 रुपये. त्याच महिन्यात 1200 शब्दांचं भाषांतर शब्दाला 1 रुपया दराने केलं आणि चार तासांत उरकलं, तर तासाला 300 पडले. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण सहा महिने वही नीट भरली की कोणतं लेखन हौसेचं आणि कोणतं कमाईचं, हे स्वच्छ दिसतं. विणकरांवरचा लेख मी तरीही लिहीन. फक्त त्याच्या मानधनावर घराचा हप्ता धरणार नाही.

कमाईचं लेखन बहुतेक वेळा बिननावाचं असतं, हे पहिल्या दिवसापासून मान्य करावं. भाषांतर, मुद्रितशोधन, मुलाखतींचं शब्दांकन, माहितीपटाची संहिता, कंपन्यांची माहितीपत्रकं, संस्थांच्या स्मरणिका, मालिकांचे संवाद या सगळ्यांत कामाचा ओघ असतो आणि दर आधी ठरवता येतो. आकाशवाणीच्या भाषणांना रक्कम कमी असली तरी ती करारपत्रावर लिहिलेली असते. दर ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या: शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की मराठीचे, दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्याच पैशांत, आणि काम मध्येच थांबलं तर झालेल्या भागाचे पैसे मिळणार की नाही. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि नेमके तिथेच अडकतात. मोठ्या कामाला सुरुवातीला तिसरा हिस्सा आगाऊ मागावा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. हाताने लिहून बाहेर टाइप करायला दिलं की पानामागे पैसे जातात, शिवाय प्रूफं तपासायचा वेळ वेगळा. फोनवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय फुकट आहे. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर हाताने सुधारावे लागतात, तरी कच्च्या खर्ड्याला ती उत्तम. यंत्राकडून आयतं भाषांतर घेऊन आपलं म्हणून देणं मात्र नको. प्रकाशनातल्या जाणत्या माणसाला ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं आणि पुढचं काम थांबतं.

भाषांतरासाठी पुस्तक निवडताना हक्क पाहा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. प्रेमचंद 1936 मध्ये गेले, त्यांच्या हिंदी कथा मराठीत आणायला आज परवानगी लागत नाही. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं साहित्य 2011 पासून मुक्त आहे. वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे त्यांचे हक्क 2036 अखेरपर्यंत आहेत. आधी सहा महिने खपून भाषांतर करायचं आणि मग परवानगी शोधायची, हा उलटा क्रम फार महाग पडतो.

पुस्तक काढायचं तर

इथे थोडं थांबून आकडेमोड करू, कारण जोडउत्पन्नाच्या आशेने लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. समजा 160 पानांचं, म्हणजे 16 पानी 10 फर्म्यांचं पुस्तक आहे आणि 500 प्रती काढायच्या आहेत. कागद, छपाई, बांधणी मिळून मुद्रकाने 45,000 सांगितले. अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला 30 रुपयांनी 4,800, मुद्रितशोधन पानाला 20 रुपयांनी 3,200, मुखपृष्ठ 5,000. एकूण 58,000. तुमच्या गावच्या मुद्रकाकडून दर घ्या आणि याच रकान्यांत भरा.

आता किंमत ठेवली 250. वितरक सहसा 40 ते 50 टक्के सवलत मागतो. 50 धरली तर प्रतीमागे 125 हातात. घातलेले पैसे नुसते परत यायलाच 464 प्रती खपायला हव्यात. 30 प्रती परीक्षणं, भेटी आणि ग्रंथालयांना जातात, उरतात 470. म्हणजे संपूर्ण आवृत्ती संपली, एकही उधारी बुडाली नाही, तरी नफा 750 रुपये. त्यात तुमच्या लेखनाचा एकही तास धरलेला नाही.

हीच प्रत तुम्ही स्वतः 200 रुपयांना, टपालखर्च वेगळा घेऊन विकलीत, तर 290 प्रतींवर खर्च निघतो. ज्यांची व्याख्यानं होतात, ज्यांचा विद्यार्थी किंवा वाचकवर्ग आहे, त्यांना हे जमतं. बाकीच्यांनी 500 ऐवजी आधी 100 प्रती डिजिटल छपाईने काढाव्यात. प्रतीमागे खर्च जास्त बसतो, पण पलंगाखाली गठ्ठे राहत नाहीत.

आणि प्रस्थापित प्रकाशकाने तेच पुस्तक छापील किमतीच्या 10 टक्के मानधनावर काढलं, तर प्रतीला 25 रुपये, 470 प्रतींचे 11,750. तुमची गुंतवणूक शून्य. करारात ही टक्केवारी छापील किमतीवर आहे की सवलत वजा जाता हाती येणाऱ्या रकमेवर, ते बघा. दुसरं असेल तर 25 चे साडेबारा होतात.

करार लेखीच हवा. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असल्याशिवाय कायद्याने ग्राह्य नाही. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. एकरकमी पैशांत 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं, तर नाटक, चित्रपट, श्राव्य पुस्तक आणि भाषांतराचे हक्क वगळून मागा. स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीला 500 रुपये शुल्क आहे.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानेही. त्याचे कुणी हजारो रुपये लावले असतील, तर ते अर्ज भरून देण्याचे आहेत एवढं ओळखा. स्वतः प्रकाशक झालात की 1954 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते.

'सहभाग शुल्क' घेऊन निघणाऱ्या संग्रहांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मी एकदा 600 रुपये भरले. एक प्रत आणि एक प्रमाणपत्र मिळालं. प्रतीत माझ्याच कथेचे दोन परिच्छेद गळले होते आणि तक्रारीला उत्तर आलं नाही. अशा संग्रहाचा खरा ग्राहक त्यातला लेखकच असतो. पैसे भरून छापून घ्यायची इच्छा असेल तर जरूर भरा, पण ते वहीत खर्चाच्या रकान्यात लिहा.

कर आणि नोकरी

एका संस्थेकडून वर्षात 50,000 पर्यंत मानधन आलं तर सहसा टीडीएस कापत नाहीत. त्यापुढे 10 टक्के कापतात, पॅन दिला नसेल तर 20. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरले जातात, जास्त असतील तर परत येतात. छोट्या रकमेसाठी विवरणपत्र कशाला, म्हणून अनेक जण ते सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. लेखन नियमित असेल तर उत्पन्न व्यवसायाचं ठरतं, पगारदारांचा 'सहज' अर्ज चालत नाही, पण एसटीभाडं, पुस्तकं, इंटरनेट असे खर्च वजा करता येतात. तिकिटं जपून ठेवा. पुस्तकांच्या मानधनावर 3 लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत होती. पाठ्यपुस्तकं, मार्गदर्शकं आणि नियतकालिकांतलं लेखन त्यात धरत नसत. नवी प्रणाली निवडणाऱ्याला ती मिळत नाही.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1979 च्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय कामाची मोकळीक आहे. मालिकेचे रोजचे संवाद किंवा वर्षभराचं सदर हे 'प्रासंगिक' म्हणायला अवघड. अशा वेळी कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या.

पहिलंच पुस्तक असेल आणि प्रकाशक मिळत नसेल, तर खिशात हात घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. हस्तलिखिताची वाचून निवड होते आणि प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ जातो, नकारही येऊ शकतो. पण वरच्या 58,000 च्या बेरजेपुढे एक हस्तलिखित नीट टाइप करून, दोनदा तपासून पाठवण्याचा खर्च काहीच नाही.