गरोदरपणातली साखर : पोटात एक बाळ असो की जुळी



एरवी इथे डिझेल आणि परताव्याच्या पोस्ट असतात, आज विषय वेगळा आहे. पुरुष सभासदांनीही वाचा. बोट आठ-दहा दिवस बाहेर असली की घरच्या बाईच्या तपासण्या मागे पडतात, हे आपण सगळे जाणतो.

पोटात बाळ असताना वारेतून जी संप्रेरकं येतात, ती आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून ते भरून काढतं. ज्यांचं बनवत नाही त्यांची साखर वाढते. जुळी असली की वार मोठी किंवा दोन, म्हणून जोरही जास्त. त्रास काही जाणवत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही.

तपासणी सोपी आहे. चेन्नईचे डॉ. शेषय्या यांनी पुढे आणलेली पद्धत सरकारी दवाखान्यात वापरतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा वर आली तर हा मधुमेह. उपाशी राहायची गरज नाही, म्हणजे पहाटे बंदरावर लिलावाला जाऊन आलेली बाईसुद्धा करू शकते. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या भेटीतच करा. तेव्हा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायचीच; ही दुसरी वेळ बऱ्याच जणी सोडतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते.

साखर सापडली तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली यायला हवी. नाही आली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिन बाळापर्यंत जात नाही, घाबरू नका.

आहाराचं म्हणाल तर हैदराबादला तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या २०२४ च्या मार्गदर्शनात अर्धं ताट भाज्या-फळांचं आहे. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त ताट भाताचंच असतं! भात मोजून घ्या. बांगडा, बोंबील, तारली खुशाल खा, पण तळून नको, कालवण करा. फळ चावून खा, रस नको.

जुळ्यांच्या बाबतीत घरात दोन टोकं दिसतात. सासू म्हणते तिघांचं खा, आणि साखर निघाली की तीच सून भीतीनं उपाशी राहते. दोन्ही चूक. एकट्या बाळात साखरेनं बाळ फार मोठं होऊन प्रसूती अडायची भीती असते. जुळी मुळातच लहान आणि बहुधा लवकर येतात, त्यांना वजन हवं. म्हणून जुळ्यांच्या आईनं जेवण स्वतःच्या मनानं तोडू नये, डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. लवकर प्रसूती होईल असं वाटलं तर बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतात. त्यानं काही दिवस साखर चढते, तेव्हा ती जास्त वेळा तपासावी लागते.

प्रसूती दवाखान्यातच करा. जन्मल्यावर अशा बाळाची साखर एकदम उतरू शकते, म्हणून पहिल्या तासात अंगावर पाजायचं. आईची साखर बहुधा उतरते, तरी सहा आठवड्यांनी तीच ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची, आणि पुढेही दरवर्षी साखर बघायची, कारण पुढे कायमचा मधुमेह व्हायचा धोका अशा आईला जास्त असतो.