म्हाताऱ्या ड्रॅगनचं दुखणं

पोरी, लेक कॉलेजला गेला आणि त्याचा बिअर्डेड ड्रॅगन तुझ्या गळ्यात पडला, हे न्यू जर्सीतल्या आपल्या बऱ्याच घरांत होतं. मुलगा दहा वर्षांचा असताना आणलेला प्राणी तो अठराचा होईपर्यंत आठ वर्षांचा होतो, आणि पाळलेले ड्रॅगन साधारण 8 ते 12 वर्षं जगतात. म्हणजे तुझ्याकडे आलाय तो म्हातारा. माझ्याकडचे म्हातारे झाले तेव्हा जे कळत गेलं, ते तुला सांगून ठेवते.

आधी हे की, नुसत्या नजरेवर विसंबू नकोस. हा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातला, कोरड्या रानातला सरडा. तिथे जो दुबळा दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून दुखणं लपवणं याच्या अंगातच भिनलंय. तुला तो मलूल दिसेपर्यंत आजार चांगला मुरलेला असतो. त्याच्या कितीतरी आधी कळतं ते काट्यावर. ग्रॅम दाखवणारा साधा किचन स्केल घे, पण फक्त त्याच्यासाठी. रविवारी सकाळी, खायला घालायच्या आधी, काट्यावर डबा ठेवून शून्य कर, त्याला आत बसव आणि आकडा वहीत लिही. 450 चा 440 झाला तर घाबरू नकोस, शी केली तरी तेवढा फरक पडतो. पण महिन्याभरात 405 वर आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, की मग व्हेटकडे न्यायला थांबायचं नाही. त्याच वेळी डोकंही निरखून बघ. डोळ्यांच्या मागे वरच्या बाजूला चरबीचे दोन उंचवटे असतात. तिथे खड्डे पडले, डोळे आत गेले, शेपटीच्या बुडाशी हाडं हाताला लागायला लागली, तर वही आणि प्राणी एकच गोष्ट सांगतायत.

त्याने खाणं सोडलं की आपला हात आधी औषधाकडे जातो. तू टेम्परेचर गनकडे ने. त्याला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. दिव्याखालचा दगड 100 ते 105 फॅरनहाइट, थंड बाजू 75 ते 80. दिवा लागलाय म्हणजे दगड तापलाय असं नसतं, मोजूनच बघ. यूव्हीबी ट्यूबचंही तेच: उजेड पडत राहतो, पण आतलं यूव्हीबी वर्षभरात ओसरतं, म्हणून ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहून ठेव. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी मिळालं नाही की खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर ते हाडांतून ओढतं. मग बोटं थरथरतात, जबडा दाबला तर लवतो, मागचे पाय ओढत चालतो. इथवर आलं तर त्याच दिवशी व्हेट गाठायचा. आणि गार पडलेल्या ड्रॅगनला बळंबळं भरवू नकोस. ऊब नसेल तर अन्न पोटातच सडतं.

हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे झोपेलही. याला ब्रूमेशन म्हणतात, आणि निरोगी ड्रॅगनचं त्यात वजन फारसं घटत नाही. पण म्हाताऱ्याला झोपू देण्याआधी शी तपासून घे, कारण पोटातले जंत आणि कॉक्सिडिया झोपेच्या आड वाढतात. शीमधला पांढरा भाग पांढराच हवा. तो पिवळा-नारिंगी आणि कोरडा दिसला तर अंगात पाणी कमी आहे. कोमट पाण्यात, पाणी खांद्यांच्या वर जाणार नाही इतपतच, पंधरा मिनिटं बसव. टब त्याचा वेगळा, स्वयंपाकघराचं सिंक नाही. त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि घरात नातवंडं, म्हातारी माणसं येतात. हात साबणाने धू.

तोंडाकडे आपल्या लोकांचं फार दुर्लक्ष होतं. याचे बहुतेक दात जबड्याच्या कडेला जोडलेले असतात, गेले की परत येत नाहीत. लाडाने भरवलेलं केळं, आंबा तिथेच चिकटून बसतं. हिरड्या लाल, दातांवर तपकिरी थर, तोंडात धरलेलं झुरळ सोडून देणं, ही दातदुखी समज. फळं जवळजवळ बंद कर. पालेभाजी जास्त दे, मोहरीचा पाला चांगला. पालक नको, तो कॅल्शियम अडकवतो. ऊन खाताना तोंड उघडून बसणं ठीक आहे. पण सावलीतही तोंड उघडंच, नाकाशी बुडबुडे, श्वासाला खटखट असा आवाज, तर छातीचं दुखणं आहे.

दिवसभर काळी राहणारी दाढी, अंगावर पिवळट खपल्या, शेपटीचं सुकून काळं पडलेलं टोक, सुजलेले सांधे, यातलं काहीही दिसलं तरी व्हेटकडे ने. मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते. खणत राहून एकदम गळून गेली तर अंडी अडकली असतील. उन्हाळ्यात अंगणातला एकही काजवा तिच्या किंवा त्याच्या तोंडी लागू देऊ नकोस, एका काजव्याने ड्रॅगन मरतो.

घरचे उपाय करू नकोस. टायलेनॉलचा कणही नाही. हळदीचा लेपही नाही, हळदीने कातडी रंगते आणि व्हेटला खरी जखम दिसत नाही. करायचंच असेल तर त्याच्या पिंजऱ्यातल्या फांद्या खाली आण, वर चढायला उतार लाव, वाळू काढून पेपर टॉवेल अंथर.

एक दिवस असा येईल की बरं करण्यासारखं काही उरणार नाही. फ्रीजरमध्ये ठेवलं की शांतपणे जातो, असं कुणी सांगेल. ऐकू नकोस, ते क्रूर आहे. व्हेट भूल देऊन मग इंजेक्शनने सोडवतो. लेकाला तेव्हा आधी फोन कर, प्राणी त्याचा आहे.

आणि व्हेट आजच शोध. कुत्र्या-मांजरांचे बहुतेक डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत. असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अँफिबियन व्हेटर्नेरियन्सच्या साइटवर तुझ्या भागातलं नाव बघ, फोन करून वयस्कर ड्रॅगन तपासता का ते विचार, आणि तो धडधाकट असतानाच पहिली तपासणी करून घे.