तुझा ‘ना’ तसाच राहू दे

अगं, होस्टेलच्या मुली हसतात म्हणून तू हल्ली त्यांच्यासमोर घरचा फोन घेत नाहीस, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मायशी बोलायला जिन्यात जाऊन उभं राहायचं? ते कशापायी? ‘मना भाऊ उना’, म्हणजे माझा भाऊ आला, हे आपल्या अहिराणीतलं वाक्य धुळ्यात पाचकंदीलच्या बाजारात, साक्री-शिरपूरच्या स्टॅंडवर, अमळनेरच्या एसटीत रोज कानावर पडतं. पुण्यात पोचलं म्हणून ते अशुद्ध होत नाही.

त्या मुली अडतात कुठे, तर ‘ना’पाशी. ‘मना’ ऐकलं की त्यांना मनाई आठवते, ‘मनं घर’ म्हटलं की घराला मन कुठून आलं असं वाटतं. त्यांचाही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तू सांग. रामना भाऊ, रामनी माय, रामनं घर. प्रमाण मराठीत जिथे चा-ची-चं येतं, तिथे अहिराणीत ना-नी-नं येतं, लिंगाप्रमाणे नीट बदलून. आणि तापीच्या काठाने सुरतेकडे गेलीस तर गुजराती माणूस म्हणेल, रामनो भाई, रामनी मा, रामनुं घर. तिथल्या उधना-लिंबायतमध्ये आपली एवढी खान्देशी माणसं राहतात, त्यांना ते ‘नो-नी-नुं’ परकं वाटत नाही, ते यामुळेच. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा 1907 साली निघालेल्या खंडात त्याने आपली अहिराणी ज्यात येते त्या खान्देशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींच्या सोबत ठेवलं होतं. त्याची मांडणी सगळ्यांना पटते असं नाही. पण आपली बोली म्हणजे बिघडलेली मराठी, असं म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी वाचलेलं असावं.

आता त्यांच्याच मराठीतला ‘ना’ बघ. ‘येशील ना?’ यात खात्री करून घेणं आहे, ‘ये ना’ यात लाडीगोडी, ‘सांगितलं ना!’ यात चक्क राग. ‘पाऊस पडेना’ म्हटलं की तोच ‘ना’ नकार होतो, आणि सरकारी कचेरीत ‘ना हरकत प्रमाणपत्र’ होऊन बसतो. इतकी रूपं त्या रोज वापरतात आणि एकदाही अडखळत नाहीत. मग आपल्या एका ‘ना’ने काय घोडं मारलं? ‘मना भाऊ उना ना?’ या एवढ्याशा प्रश्नात तो तीनदा येतो. पहिला माझेपणाचा, दुसरा ‘उना’ या क्रियापदाच्या शेवटचा, तिसरा विचारण्याचा. अहिराणी बोलणारं तीन वर्षांचं पोरही त्यात घोटाळा करत नाही.

तुझ्या खोलीत एक बंगाली मुलगी आहे म्हणालीस ना, तिच्याकडून एक गंमत समजून घे. आपण ‘जाईन ना’ म्हणतो तेव्हा ‘जाणारच आहे, काळजी करू नकोस’ असं सुचवतो. बंगालीत ‘जाबो ना’ म्हणजे सरळ ‘जाणार नाही’. आणि तीच मुलगी ‘एशो ना’ म्हणाली, तर ती तुला प्रेमाने बोलावते आहे. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझा, माझी, माझं. ‘ना पेरु’ म्हणजे माझं नाव. कन्नड बोलण्यात ‘नानु’ आखूड होऊन ‘ना’ होतो, म्हणजे मी. अरबीत शब्दाच्या शेवटी ‘ना’ लागला की आमचं: ‘बैतुना’, आमचं घर. जपानीत क्रियापदामागे ‘ना’ आला की ‘करू नकोस’ अशी ताकीद, आणि दुसऱ्या वाक्यात तोच ‘ना’ आपल्या ‘छान आहे ना’सारखा मऊ. वेदांच्या संस्कृतातही ‘न’ कुठे ‘नाही’ असतो, तर कुठे ‘सारखा’. यातल्या बऱ्याच भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. तोंडाला सोपा असा हा आवाज, ज्याने त्याने आपापल्या कामाला लावला. म्हणून कुणाच्या भाषेतला शब्द ऐकून आपला अर्थ त्यावर चढवायचा आणि वर हसायचं, हे मला पटत नाही. तूही कधी तसं करू नकोस, तेलुगू मैत्रिणीच्या ‘पेरु’लासुद्धा नाही.

अन् आपण खान्देशातले तरी कुठे एकसारखे आहोत? यावल-रावेरच्या लेवा बोलीत ‘माझं’ म्हणजे ‘माह्यं’, आपल्याकडे ‘मनं’. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या लोक सर्रास अहिराणी समजतात, त्या आहेत लेवा बोलीतल्या. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ पुस्तकरूपाने आली, तीही त्याच बोलीत, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांची भाषा कुणी आधी ‘शुद्ध’ करून घेतली असती तर काय उरलं असतं, याचा विचार कर.

माझं ऐकशील? परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत प्रमाण मराठी अगदी चोख वापर. तिच्यावर तुझा तेवढाच हक्क आहे, तिथे हयगय नको. पण मायचा फोन आला की खोलीतच बस आणि ‘मी ठीक शे, माय’ असंच बोल. कुणी हसलं तर रुसू नकोस. अर्थ सांग आणि त्यांच्या गावचा शब्द विचार. नगरच्या, कोल्हापूरच्या मुलींकडेही सांगण्यासारखं खूप असतं, त्याही ते लपवून आल्या असतील.

आणखी एक, हे मात्र विसरू नकोस. 2001 च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 20 लाख 75 हजार होते, त्यात अहिराणी धरलेली असते. 2011 ला ते 18 लाख 60 हजारांवर आले. त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, आपला आकडा मात्र खाली आला. आता पुढच्या जनगणनेची माणसं दारात येतील. तू पुण्यात असलीस तर घरी आधीच कळवून ठेव, आणि काका-मामांकडेही सांग: मातृभाषा विचारली की घाईने ‘मराठी’ म्हणून मोकळं होऊ नका. घरात अहिराणी बोलत असाल, तर ‘अहिराणी’ असंच लिहायला लावा.